ब्राऊझरमधील डिजिटल पाकीट : ऑनलाइन खरेदी करताना घ्यावयाची काळजी



मृग नक्षत्र लागले की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील धान उत्पादकाच्या खरेदीला वेग येतो. पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंतच्या काळात फवारणी पंप, ताडपत्री, कोनोविडर, पंपाचे सुटे भाग, कामगंध सापळे अशा अनेक वस्तू लागतात. पूर्वी त्याकरिता ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही, आरमोरी किंवा वडसा येथील बाजार गाठावा लागे आणि त्यात एक दिवसाची मजुरी बुडत असे. आता घरातील मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर वस्तू शोधते, भाव बघते आणि तेथूनच मागवते. ही सोय चांगलीच आहे. परंतु पैसे देण्याच्या वेळी मोबाईल एक प्रश्न विचारतो, "हे कार्ड जतन करायचे का?" बहुतेक वेळा या प्रश्नाला न वाचताच होकार दिला जातो. या होकाराचा अर्थ काय, त्याने सोय कोणती होते आणि धोका कोठे आहे, हे या लेखात पाहू.

डिजिटल पाकीट म्हणजे काय?

संकेतस्थळे उघडून दाखवणाऱ्या प्रणालीला ब्राऊझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्यांची नावे आपल्या परिचयाची आहेत. या ब्राऊझरमध्येच एक कप्पा असतो. त्यात आपले नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, कार्डाचा क्रमांक व मुदत साठवून ठेवता येते. पुढच्या खरेदीच्या वेळी ही माहिती ब्राऊझर आपोआप भरतो. यालाच ब्राऊझरमधील डिजिटल पाकीट म्हणता येईल.

ही कल्पना नवी नाही. भारतात सर्वसामान्यांकरिता इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले आणि १९९७ साली आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ या ब्राऊझरसोबत असे पाकीट दिले गेले होते. आपल्या भागात मात्र ते खऱ्या अर्थाने पोहोचले ते स्वस्त मोबाईल आणि रुपे कार्ड घरोघरी आल्यानंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. या पाकिटात पैसे नसतात. पैसे बँकेतच असतात. पाकिटात असते ती बँकेच्या दाराची किल्ली. म्हणून पाकिटात किती रक्कम ठेवली, हा प्रश्न येथे गौण आहे. किल्ली कोणत्या खात्याची आहे आणि ती कोणाच्या हाती पडू शकते, हे बघावे.

बँकेचे टोकन आणि ब्राऊझरचे पाकीट यांतील फरक

कार्ड दोन ठिकाणी जतन होऊ शकते. एक दुकानाच्या संकेतस्थळावर आणि दुसरे आपल्या मोबाईलमधील ब्राऊझरमध्ये. या दोहोंत मोठा फरक आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे ठेवता येत नाही. त्याऐवजी त्याला एक टोकन क्रमांक मिळतो. सायकल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखे हे टोकन समजावे. बिल्ला दाखवून त्याच स्टँडवरची तीच सायकल मिळते, दुसऱ्या स्टँडवर तो निरुपयोगी असतो. त्याचप्रमाणे एका दुकानाकरिता दिलेले टोकन चोरीला गेले तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही.

ब्राऊझरचे पाकीट मात्र आपल्या यंत्रावर कार्डाचा खरा क्रमांक सांभाळते. तो कुलूपबंद स्वरूपात असतो हे खरे, परंतु त्या कुलपाची किल्ली म्हणजे आपल्या मोबाईलचा पिन किंवा बोटाचा ठसा. मोबाईल ज्याला उघडता येतो, त्याला पाकीटही उघडता येते.

ओळखीच्या दुकानाचे संकेतस्थळ टोकनाकरिता संमती विचारत असेल तर ती देण्यास हरकत नाही. ब्राऊझरच्या पाकिटात कार्ड ठेवावे काय, हे मात्र मोबाईल कोणाकोणाच्या हाती असतो ते बघून ठरवावे.

कोणत्या खात्याचे कार्ड वापरावे?

आपल्या भागात आधारभूत केंद्रावर विकलेल्या धानाचे चुकारे, पीक विम्याची रक्कम आणि पीएम किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये थेट खात्यात जमा होतात. वर्षभराची मिळकत बरेचदा एकाच खात्यात असते. त्याच खात्याचे किंवा किसान क्रेडिट कार्डाचे कार्ड ऑनलाइन खरेदीला जोडणे म्हणजे बियाण्याच्या कोठीची किल्ली दारावर टांगून ठेवण्यासारखे आहे.

याकरिता पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

१. ऑनलाइन खरेदीसाठी वेगळे बचत खाते ठेवावे. त्यात खरेदीपुरतीच रक्कम भरावी.

२. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त देशातील एटीएम व दुकानातील यंत्रावर चालते. ऑनलाइन वापर ग्राहकाला स्वतः सुरू करावा लागतो. तो बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेतून सुरू करता येतो आणि बंदही करता येतो. खरेदीच्या दिवशी सुरू करावा, वस्तू मागवून झाली की बंद करावा.

३. त्याच ठिकाणी एका दिवसाची मर्यादा ठरवता येते. पंपाची किंमत ३,००० रुपये असेल तर मर्यादा तेवढीच ठेवावी. चूक झालीच तर नुकसान त्या रकमेपलीकडे जात नाही.

४. परदेशातील व्यवहाराची सोय बंद ठेवावी. देशातील ऑनलाइन व्यवहाराला १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या तपशिलाखेरीज ओटीपीसारखी जादा ओळख सक्तीची आहे. परदेशी संकेतस्थळावर मात्र ओटीपी न विचारताही रक्कम जाऊ शकते.

पाकीट तयार करण्याची पद्धत

मोबाईल फक्त आपल्याच वापरात असेल तर पुढील पद्धतीने पाकीट तयार करावे.

प्रथम मोबाईलला पिनचे कुलूप लावावे. जन्मसाल, १२३४ किंवा गाडीचा क्रमांक असा पिन ठेवू नये. रोवणी आणि निंदणाच्या दिवसांत बोटांची रेष झिजते आणि ठसा उमटत नाही, हा अनुभव रेशन दुकानातील यंत्रावर आपल्याला आहेच. त्यामुळे ठशासोबत पिनही पाठ असावा.

त्यानंतर ब्राऊझरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून सेटिंग्ज उघडावे. तेथे पेमेंट पद्धती आणि पत्ते असे दोन भाग आढळतात. मांडणी ब्राऊझरप्रमाणे थोडी वेगळी असू शकते. कार्ड जोडताना ते भरण्यापूर्वी दरवेळी मोबाईलचे कुलूप विचारावे, अशी सोय दिसल्यास ती सुरू करावी.

कार्डाच्या मागील तीन आकडी सीव्हीव्ही क्रमांक जतन करू नये. तो दरवेळी हाताने भरावा. पाच सेकंद जास्त लागतात, पण पाकीट दुसऱ्याच्या हाती पडले तरी एक अडसर शिल्लक राहतो. ओटीपी, यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन कोठेही लिहून ठेवू नये. कार्डाचा फोटोही मोबाईलमध्ये ठेवू नये.

पत्ता नीट भरणे तितकेच महत्त्वाचे

पाकिटात साठवलेला पत्ता चुकीचा असेल तर प्रत्येक खरेदीत तीच चूक होते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत चक, माल, तुकूम, टोला अशी जोड असलेली अनेक गावे आहेत आणि एकाच नावाची गावे निरनिराळ्या तालुक्यांत आढळतात. त्यामुळे नुसते गावाचे नाव पुरत नाही. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि जवळची ओळखीची खूण असा क्रम ठेवावा. खाजगी कुरिअरची पोच सर्वच गावांत नाही. पैसे देण्यापूर्वी पिनकोड टाकून वस्तू गावापर्यंत येते की नाही याची खात्री करावी. येत नसेल तर तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाचा पत्ता त्यांना विचारून द्यावा.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एटापल्ली, अहेरी, सिरोंचा भागातही मार्ग बंद पडतात. हंगामात लागणारी वस्तू म्हणून मे महिन्यातच मागवावी. रोवणी आटोपल्यानंतर आलेला कोनोविडर पुढच्या वर्षीच कामी येतो.

सामाईक संगणक आणि घरातील एकच मोबाईल

हा धोका किती सहज घडतो याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. प्रात्यक्षिकाकरिता लागणारे काही साहित्य मी एकदा कार्यालयातील सामाईक संगणकावरून मागवले. घाईत होतो. कार्ड जतन करण्याचा प्रश्न आला आणि मी होकार देऊन मोकळा झालो. आठवड्याभराने एक सहकारी त्याच संगणकावर पुस्तक मागवत असताना पैसे भरण्याच्या जागी माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आपोआप पुढे आले. सहकारी सज्जन म्हणून त्यांनी मला बोलावून दाखवले. नुकसान काही झाले नाही. परंतु विद्यार्थ्यांना शेतीचा हिशेब शिकवणाऱ्याच्या हातून हे होते, तर घाईच्या वेळी कोणाच्याही हातून होऊ शकते, हे मला त्या दिवशी पटले.

म्हणून सेवा केंद्र, सायबर कॅफे, ग्रामपंचायत किंवा कार्यालय येथील संगणकावर कार्डाने खरेदी करू नये. अर्ज भरण्यासाठी केंद्रावर जावे, खरेदी आपल्या मोबाईलवरून करावी. पूर्वी अशी खरेदी झाली असेल तर त्या संगणकाच्या ब्राऊझरमधील पेमेंट पद्धती उघडून आपले कार्ड तेथून काढून टाकावे. नुसता इतिहास पुसला म्हणजे कार्डही पुसले गेले, असे समजू नये.

घरात एकच मोबाईल असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. मुलांच्या सोयीकरिता त्यांच्या बोटांचे ठसेही मोबाईलमध्ये नोंदवलेले असतात. असे जितके ठसे, तितक्या पाकिटाच्या किल्ल्या. मुलगा खेळता खेळता खरेदीचे बटण दाबू शकतो. अशा घरी ब्राऊझरमध्ये कार्ड न ठेवणेच योग्य. प्रत्येक वेळी यूपीआय पिन टाकून पैसे द्यावेत किंवा वस्तू हाती आल्यावर रोख द्यावेत.

मोबाईल विकताना किंवा बदलून देताना आधी कार्डे काढावीत, खाते बाहेर काढावे आणि नंतर मोबाईल मूळ स्थितीत आणून मगच द्यावा.

पाकीट दुकानदाराची पारख करीत नाही

येथे सर्वात जास्त गैरसमज आहे. ब्राऊझरने कार्डाची माहिती स्वतःहून पुढे केली म्हणजे संकेतस्थळ खरे आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. साठवलेला पासवर्ड ज्या संकेतस्थळाकरिता ठेवला तेथेच ब्राऊझर भरतो. कार्डाचे तसे नाही. पैसे भरण्याचा तक्ता दिसला की तो कोणत्याही दुकानात कार्ड पुढे करतो. पाकीट तक्ता ओळखते, माणूस ओळखत नाही. पत्त्याशेजारील कुलुपाच्या चिन्हाचा अर्थही एवढाच की माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. ती शेवटी चोराच्या घरी जात असेल तर कुलूप ते थांबवत नाही.

त्यामुळे दुकानदाराची पारख आपणच करावी.

१. बाजारात १२,००० रुपयांना मिळणारे यंत्र ३,००० रुपयांना, तेही "फक्त आजच" मिळत असेल तर थांबावे.

२. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन दुकानाला आपले नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दाखवावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करण्याचे बंधन आहे. हा तपशील न आढळल्यास खरेदी करू नये.

३. जाहिरातीतील किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्यावरून दुकानात शिरू नये. संकेतस्थळाचे नाव स्वतः टाकावे. सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट निक डॉट इन असा असतो.

४. पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल आल्यास ती उघडू नये. अशा फाइलमधून मोबाईलमधील संदेश व ओटीपी वाचले जातात.

५. ग्राहक सेवेचा क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. तेथे ठगांनी टाकलेले क्रमांकही असतात. वस्तूच्या पावतीवरील क्रमांकच वापरावा. कोणी पैसे परत देतो म्हणून पिन टाकायला सांगत असेल तर तो ठग समजावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

६. नवीन दुकानातील पहिली खरेदी लहान आणि शक्यतो वस्तू आल्यावर रोख देण्याच्या पद्धतीची करावी. खोके उघडताना चित्रफीत काढून ठेवावी. तुटकी वस्तू परत करताना तो पुरावा होतो.

काय ऑनलाइन घेताना थांबावे?

*अनुदानाची अवजारे :* महाडीबीटीमार्फत कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान हवे असेल तर पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी. आधी घेतलेल्या अवजारावर अनुदान मिळत नाही. पाकिटामुळे खरेदी एका बटणावर आली आहे, म्हणूनच ही चूक होण्याचा संभव अधिक आहे.

*बियाणे :* विक्रेत्याचा परवाना, लॉट क्रमांक आणि पक्के बिल यांशिवाय बियाणे घेऊ नये. प्रमाणित बियाण्याला निळी आणि पायाभूत बियाण्याला पांढरी खूणचिठ्ठी असते. राजुरा, कोरपना, वरोरा भागातील कापूस उत्पादकांनी तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याच्या जाहिरातींपासून दूर राहावे. या बियाण्याला देशात मान्यता नाही. ते उगवले नाही तर बिलाअभावी तक्रारही करता येत नाही. धानाच्या बियाण्याकरिता सिंदेवाही येथील विभागीय कृषी संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा महाबीजचे अधिकृत विक्रेते यांच्याकडे चौकशी करावी.

*कीटकनाशके :* नोव्हेंबर २०२२ मधील दुरुस्तीनंतर परवानाधारक विक्रेत्यांना ऑनलाइन विक्री करता येते. परवाना, उत्पादनाची तारीख व अंतिम मुदत तपासल्याशिवाय मागवू नये.

*अनुदानित खते :* ही अधिकृत विक्रेत्याकडे ओळख पटवून यंत्रावरील नोंदीनेच मिळतात. युरिया घरपोच देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

मधेच नेटवर्क गेले तर?

जंगल भागात हा प्रसंग नेहमीचा आहे. खात्यातून पैसे गेले आणि दुकानाचा संदेश आला नाही, अशा वेळी घाईने पुन्हा पैसे भरू नयेत. प्रथम खात्याची शिल्लक व दुकानातील मागणीची नोंद बघावी. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यासाठी मुदत घालून दिली. ऑनलाइन कार्ड व्यवहारात किंवा यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना रक्कम अडकली तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा व्हावी आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी व्यवहार क्रमांक वहीत टिपून ठेवावा.

पैसे गेल्यास काय करावे?

लाज वाटून किंवा घरचे रागावतील म्हणून गप्प बसणे, हे सर्वात मोठे नुकसान. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते. ती काढून घेण्यापूर्वी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. त्यामुळे पहिला तास मोलाचा आहे.

१. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करून रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक सांगावा. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

२. बँकेला कळवून कार्ड बंद करावे व तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की चूक बँकेची वा ग्राहकाची नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीही भार पडू नये. मात्र ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच. कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे.

३. मोबाईल हरवला असेल तर सिमकार्ड बंद करावे आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून मोबाईलही बंद करता येतो.

४. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान दिल्लीचे असले तरी गडचिरोलीच्या शेतकऱ्याला दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

लक्षात ठेवा

• धानाचे चुकारे येणारे खाते आणि ऑनलाइन खरेदीचे खाते वेगळे असावे.
• मोबाईल एकट्याचा असेल तरच ब्राऊझरमध्ये कार्ड ठेवावे.
• सीव्हीव्ही, ओटीपी, पिन जतन करू नये.
• पाकीट तक्ता ओळखते, दुकानदार आपण ओळखावा.
• अनुदान हवे असल्यास आधी पूर्वसंमती, मग खरेदी.
• फसवणूक झाल्यास प्रथम १९३०.

बांधीची पार मजबूत आहे की नाही, हे आपण पाऊस येण्यापूर्वी बघतो. पाणी फुटल्यावर माती टाकून फारसा उपयोग होत नाही. तसेच आज संध्याकाळी घरातील मुलामुलींना सोबत घेऊन बसावे, मोबाईलमधील पेमेंट पद्धती उघडाव्यात आणि तेथे कोणकोणती कार्डे आहेत ते बघावे. नको असलेले कार्ड काढून टाकावे. या कामाला दहा मिनिटे लागतात आणि हंगामाची पुंजी सुरक्षित राहते. शेती साहित्याच्या निवडीबाबत काही शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा.